थर कीं गांठी?

चित्रपटांतील एखादें गंजलेलें जहाज किंवा खेळांतील एखादी ओलसर भिंत पडद्यावर पाहतांना असा प्रश्न आपल्या मनांत क्वचितच येतो, कीं हा गंज कोणी हातानें रंगविला, कीं कोणत्या तरी नियमानें तो आपण होऊन उमटला? संगणकांतील वस्तु ही मुळांत नुसती आकृति असते. तिला कातडी नसते. रंग, खडबडीतपणा, चकाकी, डाग हें सारें निराळें तयार करून तिच्यावर चढवावें लागतें. या कामाला आपण पोत देणें म्हणूं. पोत देण्याच्या दोन रीती गेल्या चाळीस वर्षांत वाढल्या, आणि त्यांच्या उपासकांमध्यें आजहि चांगलीच चुरस आहे.

गंमत अशी, कीं दोहोंचें मूळ एकाच घरांत सांपडतें. १९८४ सालीं अमेरिकेंतील मिनियापोलिस शहरीं सिग्राफ ही संगणक-चित्रांची परिषद भरली. तींत लुकासफिल्म कंपनीच्या संगणक-विभागांतून दोन निबंध आले. थॉमस पोर्टर व टॉम डफ यांनीं चित्रें एकावर एक ठेवण्याचें गणित सांगितलें: प्रत्येक बिंदूला तांबडा, हिरवा व निळा या तीन संख्यांच्या जोडीला चौथी संख्या द्यावी, आणि तो बिंदु आपल्याखालचें किती झांकतो हें तिनें सांगावें. रॉबर्ट कुक यांनीं दुसरेंच सुचविलें. पृष्ठभागाचें रूप एका ठरीव सूत्रांत न कोंबतां तें लहान लहान क्रियांच्या वृक्षासारखें मांडावें. फांद्याफांद्यांतून येणारीं मूल्यें मिसळत जावींत आणि शेवटीं मुळाशीं अखेरचा रंग मिळावा. पहिल्या निबंधाच्या गणितावर थरांची रीत उभी आहे, दुसऱ्याच्या कल्पनेवर गांठींची. पुढच्याच वर्षीं केन पर्लिन यांनीं नियमबद्ध गोंधळ निर्माण करणारें आपलें सूत्र प्रसिद्ध केलें, आणि संगमरवराच्या शिरा वा ढग न रंगवितां गणितांतून काढतां येऊं लागले.

थरांचें भाग्य मात्र सामान्य माणसाच्या टेबलावर उजळलें. फोटोशॉप १९९० सालीं निघालें, परंतु १९९४ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत त्यांत थर नव्हते. भिंतीवर शेवाळ रंगविलें, कीं खालची वीट गेली! थर आल्यावर वीट एका कांचेवर, शेवाळ दुसऱ्या कांचेवर, अशी सोय झाली. ही रीत डोळ्याला तत्काळ उमगते. तिची अडचण काम वाढल्यावर कळते. विटांच्या जागीं दगड बसवावयाचे ठरले, तर शेवाळ जुन्या विटांच्या सांध्यांतूनच वाढलेलें राहतें. कारण तें कोठें वाढावें हा विचार चित्रकाराच्या मनांत होता, थरांत नव्हता.

गांठींच्या रीतींत नेमकें हेंच लिहून ठेवावें लागतें. एक गांठ विटा मांडते, दुसरी त्यांतील सांधे शोधते, तिसरी सांध्यांत ओल सोडते, चौथी ओलीवर शेवाळ चढविते. पहिल्या गांठींत फेरफार केला, कीं शेवाळ आपण होऊन जागा बदलतें. २००४ सालीं एका जर्मन मंडळीनें 'क्रीगर' नांवाचा खेळ अवघ्या ९६ किलोबाइटांत बसविला. त्यांत भिंतींचीं चित्रें नव्हतींच, तीं तयार करण्याच्या पायऱ्या तेवढ्या होत्या. पुरणपोळीऐवजीं तिच्या कृतीचा कागद पाठवावा, तसें हें झालें. अर्थात् पोळी पाहुण्याच्या घरीं लाटावी लागे, आणि खेळ सुरू होण्यास बराच वेळ जाई.

पण वृक्षाचें रान होण्यासहि वेळ लागत नाहीं. दोनशें गांठींचें जाळें परक्या माणसाला उलगडणें फार जड. थरांची चवड कोणीहि वरून खालीं वाचावी. वास्तविक, गणिताच्या दृष्टीनें ती चवड म्हणजे एकाच ओळींत बांधलेल्या गांठीच होत. प्रत्येक थर खालच्याचें फळ घेतो आणि वर देतो. त्यामुळें हें भांडण मला दोन शत्रूंचें कधींच वाटलें नाहीं. तें भाऊबंदकीचें आहे.

फ्रान्समधील क्लेर्मों-फेराँ येथें २००३ सालीं निघालेल्या अ‍ॅलेगोरिदमिक कंपनीनें दोघांना एका पंक्तीला बसविलें. तिचें सबस्टन्स डिझायनर गांठींचें, तर २०१४ सालीं आलेलें सबस्टन्स पेंटर थरांचें. एकानें गंजाचा नियम बांधावा. दुसऱ्यानें तो थरासारखा पसरून हवा तेथें पुसावा. पेंटर कुंचल्याचा फटकारा क्रिया म्हणून लक्षांत ठेवतें, म्हणून चित्र मोठें केलें तरी तो पुन्हां रेखीव उमटतो. २०१९ सालीं फोटोशॉपवाल्या अ‍ॅडोबीनेंच ही कंपनी विकत घेतली.

तेव्हांपासून नियम लिहिणारा एक व वापरणारे हजार, ही वांटणी अधिकच पक्की झाली आहे. तिचा लाभ मोठा आहे, पण एकाच कारागिराचा गंज दहा जहाजांवर दिसूं लागला, कीं चाणाक्ष प्रेक्षक तो ओळखतो. म्हणून कसलेला चित्रकार नियमानें गंज चढवून झाल्यावर दाराची मूठ, शिडीची मधली पायरी, असे रोज माणसाचा हात-पाय लागणारे भाग निवडतो, आणि तेवढे स्वतःच्या हातानें घासून उजळ करतो.