एक ग्रंथ, अनेक पोथ्या

मोशी हे गाव इंद्रायणीच्या काठी वसलेले आहे. प्रवाहाच्या उलट गेले की देहू, प्रवाहाबरोबर गेले की आळंदी, आणि नदी ओलांडून नाशिकच्या रस्त्याने पुढे गेले की चाकण लागते. आळंदीला ज्ञानेश्वरांची समाधी, देहूला तुकोबांचे घर, आणि चाकण हे तुकोबांचे अभंग उतरून घेणाऱ्या संताजी जगनाडे यांचे गाव. आज याच टापूत मोटारींचे कारखाने उभे आहेत आणि त्या मोटारींत बसवावयाच्या संगणकी आज्ञावली लिहिणारी तरुण मंडळी मोशीच्या नव्या वस्त्यांत राहावयास आली आहेत. या मंडळींना रोज जो प्रश्न पडतो, तोच या नदीकाठच्या पोथ्यांनीही विद्वानांना घातला होता. एकच ग्रंथ अनेक हातांतून गेला, प्रत्येक हाताने त्यात काही बदल केला, तर त्यातील खरे कोणते आणि ते ठरवावयाचे कसे, हा तो प्रश्न होय.

प्रथम ज्ञानेश्वरीचे पाहू. ग्रंथ शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मधला. पुढे सुमारे तीनशे वर्षे तो नकलांच्या रूपाने फिरत राहिला आणि त्यात अपपाठ शिरले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी पाठशुद्धी केली आणि यापुढे कोणी यात आपली ओवी मिसळू नये असे बजावले. हे उपकार थोर आहेत. परंतु इतिहासाच्या दृष्टीने त्यात एक उणीव राहून गेली. नाथांनी कोणता शब्द कोणत्या पोथीतून घेतला, कोणता टाकला आणि का टाकला, याची टिपणे आपल्या हाती नाहीत. शुद्ध प्रत उरली, शुद्धीचा मार्ग पुसला गेला. म्हणूनच १९०९ साली इतिहासाचार्य राजवाडे यांनी नाथपूर्व म्हणून एक प्रत प्रसिद्ध केली, तेव्हा मोठा वाद माजला.

तुकोबांच्या गाथेची कथा याहून गुंतागुंतीची. मुंबई सरकारने चोवीस हजार रुपये दिले आणि शंकर पांडुरंग पंडित व विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी १८६९ ते १८७३ या काळात गाथा दोन भागांत छापली. त्यांच्यापुढे देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथील पोथ्या होत्या. साडेचार हजारांवर अभंग त्यात आले. पुढे वि. ल. भावे यांनी संताजी जगनाड्यांच्या वह्यांवरून वेगळी गाथा काढली, तिच्यातील अभंगांची संख्या पुष्कळच कमी. अधिक अभंगांची प्रत खरी की कमी अभंगांची? वाढलेले अभंग मागाहून कोणी रचले, की संताजींच्या वह्यांत ते आलेच नव्हते? केवळ अंतिम मजकूर समोर ठेवून याचे उत्तर देता येत नाही. उत्तर पोथ्यांच्या नात्यांत असते.

हे नाते शोधण्याचे शास्त्र आपल्याकडे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात पूर्णत्वास गेले. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आरंभ १९१९ साली झाला, १९२५ पासून डॉ. वि. सी. सुकथनकर तिचे प्रमुख संपादक होते, आणि १९६६ साली ते कार्य संपले. बाराशे एकोणसाठ हस्तलिखिते तपासली गेली. आखलेल्या कागदाच्या चौकोनांत वरच्या ओळीत श्लोकाचे एकेक अक्षर मांडावयाचे आणि खाली प्रत्येक पोथीत तेथे काय आहे ते लिहावयाचे, अशी ती पद्धत. पुण्याखेरीज शांतिनिकेतन आणि तंजावर येथेही हे काम चाले.

सुकथनकरांपुढील खरी अडचण वेगळीच होती. पोथ्यांचा वंशवृक्ष सरळ असता तर काम सोपे होते. पण लेखकू एकाच पोथीची नक्कल करीत नसत. ते शेजारची दुसरी पोथी पाहून तिच्यातील श्लोकही आपल्यात घालून घेत. त्यामुळे वृक्षाच्या फांद्या पुन्हा एकमेकींत मिसळल्या आणि वृक्षाचे जाळे झाले. तेव्हा त्यांनी हा मार्ग काढला की, ज्या परंपरांनी एकमेकींपासून उसने घेतल्याचे दिसत नाही, त्या जेथे एकमुखाने बोलतात तेथील पाठ जुना मानावा. जेथे खात्री नाही तेथे मजकुराखाली नागमोडी रेघ ओढली. टाकलेला प्रत्येक पाठ तळटीपेत वा परिशिष्टात जपून ठेवला. संपादकाच्या निर्णयाशी असहमत असणाऱ्यास स्वतःचा निर्णय करता यावा, एवढी सामग्री त्यांनी वाचकाच्या हाती दिली.

आता आज्ञावलीकडे वळू. १९७२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकिंड यांनी बदलांची नोंद ठेवणारे एक साधन रचले, ते एकेका फायलीचा हिशेब ठेवी. २००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी ‘गिट’ निर्माण केले. त्यात प्रत्येक नोंद आपल्या जनकाचे नाव स्वतःत बाळगते आणि तिचे नाव तिच्या आशयावरूनच काढलेले असते. म्हणून मागची एखादी नोंद गुपचूप बदलली, तर तिच्यापुढील साऱ्या नोंदींची नावे बदलतात. सुकथनकरांना जे नाते तर्काने शोधावे लागले, ते येथे जन्मतःच लिहिलेले आहे.

तरीही अडचण संपत नाही. दोन शाखा एकमेकींत वारंवार मिसळल्या की त्यांचा समान पूर्वज एक राहत नाही, अनेक होतात. अशा वेळी गिट त्या पूर्वजांनाच आधी एकत्र करून एक काल्पनिक पूर्वज बनवते आणि त्याच्याशी दोन्ही शाखा ताडून पाहते. महाभारताच्या संपादकांनी उपलब्ध नसलेली मूळ प्रत तर्काने उभी केली, त्याच जातीची ही युक्ती. या कामाची जुनी पद्धत ‘रिकर्सिव्ह’ या नावाने ओळखली जाई. २०२१ मध्ये तिच्या जागी नव्याने लिहिलेली ‘ऑर्ट’ ही पद्धत आली. ती अधिक वेगवान आहे आणि फायलींची नावे बदललेली असता अधिक नीट चालते. कारण गिट नामांतराची नोंद ठेवीत नाही, दोन मजकुरांच्या साम्यावरून ते ओळखते. म्हणजे येथेही शेवटी पाठचिकित्सकाचा तर्कच कामास येतो.

मग सुधारणा कशात हवी? अनेकांचे म्हणणे असे की, गुंतलेला इतिहास वाचवत नाही, म्हणून तो पुसून सरळ रेषेत लिहावा. हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. घरगुती खर्डा फाडण्यास कोणाची हरकत असणार? पण अनेकांनी मिळून केलेले काम असा सरळ करणे म्हणजे शुद्ध प्रत ठेवून शुद्धीचा मार्ग पुसणे. चाकणच्या रस्त्यावर धावणाऱ्या गाडीच्या ब्रेकचे नियंत्रण ज्या आज्ञावलीत आहे, तिच्यातील एक ओळ पाच वर्षांमागे कोणत्या कारणाने बदलली, हे कळण्यावर उद्या माणसाचा जीव अवलंबून असू शकतो. गुंता दिसावयास सोपा करणे हे साधनाचे काम आहे. गुंता नाहीसा करणे हे त्याचे काम नव्हे. मुख्य धारा वर दाखवावी, उपधारा झाकावी, पण मागणाऱ्यास ती उघडून द्यावी. टाकलेला पर्याय कारणासह ठेवावा. आणि यंत्राने जेथे केवळ तर्काने दोन मजकूर जोडले असतील तेथे, भांडारकर मंदिराच्या आवृत्तीप्रमाणे, एक नागमोडी रेघ ओढावी.

नक्कल करणाऱ्या लेखकूला आपण आज दोष देतो. पण त्याच्याजवळ कागद मोजका होता आणि नोंद ठेवण्याची कोणती रीतही त्याला कोणी शिकविली नव्हती. आपल्याजवळ जागाही आहे आणि रीतही आहे. एवढे असून आपण पुढच्या पिढीच्या हाती नुसती शेवटची प्रत ठेवली, तर दोष आपलाच ठरेल, यात संशय नाही.