केळीवरील विषाणू व जिवाणू (खानदेश)

तापी खोऱ्यातील केळीबागांत रोग निर्माण करणारे सूक्ष्मजीव. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्राकडून तापी ओलांडली की उत्तरेला यावल व रावेर तालुक्यांचा केळीपट्टा लागतो. सूक्ष्मजीवांचे वर्गीकरण समजून घ्यायला हा पट्टा सोयीचा आहे, कारण इथे सारखी लक्षणे दाखवणाऱ्या रोगकारकांचे एकमेकांशी काडीचेही नाते नसते.

जिवाणू एकपेशीय असतो. तो स्वतः अन्न घेतो, वाढतो व दुभंगतो. विषाणूला पेशी नसते. प्रथिनांच्या वेष्टनातली डीएनए किंवा आरएनएची साखळी, एवढाच त्याचा संसार. वाढायचे तर दुसऱ्याच्या पेशीत शिरावे लागते. सर्व विषाणूंत समान असे एकही जनुक नाही, त्यामुळे त्यांची एकच वंशावळ मांडता येत नाही. डेव्हिड बाल्टिमोर यांनी 1971 मध्ये आनुवंशिक द्रव्य कोणते आणि त्यावरून संदेशवाहक आरएनए कसा तयार होतो, या निकषावर विषाणूंचे गट पाडले. त्या मांडणीचे आज सात गट मानतात. त्यांतल्या तीन गटांचे विषाणू केळीवर आढळतात.

खानदेशात सर्वाधिक धास्ती ‘हरण्या’ची. हा रोग कुकुंबर मोझॅक विषाणूमुळे, म्हणजेच शेतकऱ्यांच्या बोलण्यातल्या ‘सीएमव्ही’मुळे होतो. पानावर शिरांना समांतर पिवळसर पट्टे उमटतात, कडा मुरडतात व पुढे पोंगा सडतो. ढगाळ हवा आणि संततधार पाऊस असला की मृगबागेत तो जोर धरतो. त्याचे आनुवंशिक द्रव्य एकपदरी आरएनएच्या तीन तुकड्यांत विभागलेले असते. 1916 मध्ये तो काकडीवर प्रथम वर्णिला गेला आणि नाव तेच चिकटले. प्रत्यक्षात तो हजाराहून अधिक वनस्पतींवर जगतो. म्हणूनच बागेत किंवा बांधालगत काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो घेऊ नये असे सांगतात. मावा रोगट पानात सोंड खुपसून काही सेकंदांत हा विषाणू उचलतो आणि तेवढ्याच झटपट दुसऱ्या झाडात सोडतो. कीटकनाशकाने मावा मरेपर्यंत लागण होऊन गेलेली असते. रोगट झाडाला औषध नाही. ते उपटून नष्ट करावे लागते.

पर्णगुच्छ रोगाचा विषाणूही माव्यामार्फतच पसरतो, पण त्याची घडण निराळी आहे. यात एकपदरी डीएनएची सहा छोटी वर्तुळे असतात आणि प्रत्येकाला वेगळे वेष्टन असते. केळीवरील काळ्या माव्याला तो घेण्यासाठी काही तास रस शोषत राहावे लागते. एकदा घेतला की मावा तो दीर्घकाळ वाहतो. त्यामुळे इथे मावा-नियंत्रणाचा उपयोग अधिक होतो. 1889 मध्ये फिजी बेटांवर या रोगाची पहिली नोंद झाली. भारतात तो 1940 च्या सुमारास श्रीलंकेतून केरळात आला असे मानतात.

तिसऱ्या गटातला स्ट्रीक विषाणू वर्गीकरणाला बुचकळ्यात टाकणारा. त्याचे द्रव्य दुपदरी डीएनए, तरी आंतरराष्ट्रीय विषाणू वर्गीकरण समितीने त्याला आरएनए विषाणूंच्याच महासृष्टीत बसवले आहे. त्याची प्रत आरएनएवरून उलटी लिहून तयार होते आणि ते काम करणारे विकर आरएनए विषाणूंच्या विकरांशी नाते सांगते. विशेष म्हणजे मूसा बाल्बिसियाना या रानकेळीच्या गुणसूत्रांतच त्याची जनुके शिरून बसलेली असतात; ताण पडला की संकरित वाणांत ती जागी होऊ शकतात. खानदेशातल्या बसराई, श्रीमंती व ग्रँड नैन या वाणांत त्या रानकेळीचा वारसा नसल्याने त्यांना हा घरभेदी धोका नाही.

जिवाणूंची वाटणी हान्स क्रिस्तियान ग्राम यांच्या 1884 मधील रंजनपद्धतीपासून सुरू होते. 1977 मध्ये कार्ल वूझ यांनी रायबोसोमच्या आरएनएची तुलना करून वंशावळीचा पाया घातला आणि जिवाणूंसारखे दिसणारे आर्किया हे स्वतंत्र कूळ असल्याचे दाखवले. या पद्धतीमुळे जुनी नावे बदलत गेली. केळीचा कंद व खोडाचा बुंधा कुजवणारा ग्राम-ऋण इर्विनिया आता पेक्टोबॅक्टेरियम झाला. तो आपल्या आतड्यातल्या ई. कोलायच्याच गणात मोडतो. नवी लावलेली रोपे त्याने कोलमडतात व कुजक्या भागाला दुर्गंधी येते. हरण्यातही पोंगा सडतो, त्यामुळे दोहोंत गल्लत होते आणि विषाणूवर जिवाणूनाशक फवारून पैसे वाया जातात. पिवळे पट्टे नसतील तर कंद कापून पाहावा.

नात्याचा प्रश्न खानदेशच्या दुसऱ्या पिकात, कापसात, अधिक अवघड होतो. 2002 मध्ये भारतात मान्यता मिळालेल्या बीटी कापसातले जनुक बॅसिलस थुरिंजिएन्सिस या ग्राम-धन जिवाणूचे. अन्न नासवणारा बॅसिलस सिरियस आणि जनावरांना होणाऱ्या फाशी रोगाचा बॅसिलस अँथ्रासिस त्याचे इतके निकटचे भाऊबंद आहेत की त्यांच्यातला ठळक फरक मुख्यतः प्लाझ्मिड या सुट्या डीएनए-वर्तुळांवरील जनुकांत सापडतो. ती वर्तुळे गमावलेला थुरिंजिएन्सिस सिरियसपासून वेगळा ओळखणे कठीण जाते.