दोन मिनिटांची कुळकथा

केप टाउनमध्ये सिग्नल हिलवरून, रविवार आणि सुट्ट्या सोडल्या तर, रोज दुपारी बाराला तोफ सुटते आणि त्या आवाजावर लोक घड्याळं लावत आले आहेत. पहिलं महायुद्ध चालू असताना, १४ मे १९१८ रोजी तोफ झाली आणि शहराच्या मधोमध असलेल्या अ‍ॅडर्ली स्ट्रीटवर ट्रॅम जागच्या जागी थांबल्या. पुरुषांनी टोप्या काढल्या. कोपऱ्यावरच्या एका दुकानाच्या सज्जातून ‘लास्ट पोस्ट’ ही सैनिकाला निरोप देणारी धून वाजली. मग युद्धावर गेलेल्यांच्या आठवणीत कुणी काही बोलेना. शेवटी सैनिकांना पहाटे उठवणारी धून झाली आणि रहदारी पुन्हा चालू झाली. शोकसभेत, विधिमंडळात, क्रिकेटच्या मैदानावर आपण जे दोन मिनिटं उभे राहतो, त्याचं मूळ पुष्कळसं या रस्त्यावर सापडतं.

कल्पना नगरसेवक रॉबर्ट ब्रायडन यांची. ती उचलून धरली महापौर हॅरी हँड्स यांनी. त्यांचा मुलगा रेजिनाल्ड जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी, २० एप्रिलला, फ्रान्समध्ये विषारी वायूच्या परिणामांनी गेला होता. हा मुलगा दक्षिण आफ्रिकेकडून एक कसोटी सामना खेळलेला आणि रग्बीत इंग्लंडकडून उतरलेला. पहिल्या दिवशी शांतता तीन मिनिटांची होती. हँड्सना तीन मिनिटं फार वाटली आणि दुसऱ्या दिवसापासून दोनच ठरली. पुत्रशोकातल्या बापालाही एक मिनिट कमी करावंसं वाटलं, यात मला त्या माणसाचा व्यवहारीपणा दिसतो. भर दुपारी अख्खं शहर थांबवायचं आणि तेही रोज, तर ते लोकांना झेपायला हवं. झेपलं म्हणूनच तो शिरस्ता पुढे वर्षभर टिकला.

मौनाने मान देणं त्याआधी कुणाला सुचलंच नव्हतं असं नाही. १९१२ साली ब्राझीलचे परराष्ट्रमंत्री रिओ ब्रँको वारले, तेव्हा पोर्तुगालच्या सिनेटने दहा मिनिटं मौन पाळलं होतं. पण ते एका सभागृहातलं, एका मोठ्या माणसासाठीचं. रस्त्यावरच्या सगळ्यांनी, नाव-हुद्दा न विचारता, सगळ्यांसाठी थांबायचं, ही केप टाउनची भर.

ती लंडनला नेली सर पर्सी फिट्झपॅट्रिक यांनी. दक्षिण आफ्रिकेतल्या खाणधंद्यातलं आणि राजकारणातलं हे बडं प्रस्थ, आणि ‘जॉक ऑफ द बुशवेल्ड’ या कुत्र्याच्या गोष्टीचे लेखक. त्यांचाही मुलगा, मेजर नूजंट, डिसेंबर १९१७ मध्ये फ्रान्समध्ये मारला गेला होता. ऑक्टोबर १९१९ संपता संपता त्यांनी ब्रिटनचे वसाहतमंत्री लॉर्ड मिल्नर यांच्याकडे तसं टिपण पाठवलं. ते पुढे राजवाड्यावर गेलं आणि ७ नोव्हेंबरला पंचम जॉर्जचं आवाहन वर्तमानपत्रांत छापून आलं: ११ नोव्हेंबरला सकाळी अकराला दोन मिनिटं साऱ्या साम्राज्यातले व्यवहार थांबावेत. सरकारी कागद इतक्या झपाट्याने हलल्याचं उदाहरण विरळाच.

श्रेयाला आणखी एक वाटेकरी आहे. एडवर्ड हनी या ऑस्ट्रेलियन पत्रकाराने त्याच वर्षीच्या मे महिन्यात ‘लंडन ईव्हनिंग न्यूज’ला पत्र लिहून पाच मिनिटांच्या मौनाची सूचना केली होती. मात्र सरकारी कागदांतून जो माग लागतो, तो फिट्झपॅट्रिक यांच्यापर्यंत जातो. हनी १९२२ मध्ये क्षयाने वारला.

या दोन मिनिटांची वाटणी अशी सांगतात: पहिलं मिनिट परत आलेल्यांसाठी, उपकार मानण्याचं, दुसरं गेलेल्यांसाठी. आपल्याकडे पहिलं मिनिट कधी पोचलंच नाही. आपण दोन्ही मिनिटं गेलेल्यांच्या नावे लिहिली. बरं, तीही पुरती पाळत नाही. चाळीसेक सेकंदांत अध्यक्ष घसा खाकरतात आणि सभा खाली बसते.

परत आलेले आपल्याकडेही थोडेथोडके नव्हते. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांवर माणसं बाहेर गेली आणि ७०,०००हून अधिक मेली. मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. पुणे डिव्हिजन तिथल्याच कुत शहराच्या वेढ्यात उपासमार सोसून एप्रिल १९१६ मध्ये शरण गेली आणि कैदेत कित्येकांचे प्राण गेले. साताऱ्याजवळच्या एका आपशिंगे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ चिकटलं. राजाच्या आवाहनात ही माणसंही धरलेली होती. पण नोव्हेंबर १९१९ मध्ये जालियनवाला बागेला सातच महिने झाले होते. त्या सरकारच्या सांगण्यावरून कृतज्ञ होणं पंजाबला किती जड गेलं असेल, याची कल्पना करता येते. तरी स्मारकं दोन्हीकडे उभी राहिली: लंडनचं सेनोटाफ हे युद्धस्मारक आणि दिल्लीचं इंडिया गेट, दोन्हींचा वास्तुकार एकच, एडविन लट्यन्स. इंडिया गेटवर तेरा हजारांवर नावं कोरली आहेत.

इंग्रज गेले, दोन मिनिटं राहिली. ३० जानेवारीला, हुतात्मा दिनी, केंद्र सरकारच्या सूचनेप्रमाणे १०.५९ला भोंगा सुरू होतो, अकराला थांबतो आणि ११.०२ला मौन संपल्याचा भोंगा मिनिटभर वाजतो. पण गांधीजींना गोळ्या लागल्या त्या संध्याकाळी, पाच वाजून गेल्यावर. मग अकरा कुठून आले? माझ्या मते, फ्रान्समधल्या कॉम्पिएन्यच्या जंगलातून. तिथे आगगाडीच्या डब्यात युद्धबंदीवर सह्या झाल्या आणि ११ नोव्हेंबर १९१८च्या सकाळी अकराला ती अमलात आली. युद्धाचं घड्याळ अहिंसेच्या पुजाऱ्याला लावलं, असं कुणी म्हणेल. तर केप टाउन रोज दुपारी थांबत होतं, त्याच १९१८च्या जून-जुलैमध्ये गांधीजी खेडा जिल्ह्यात गावोगाव हिंडून लोकांना त्याच युद्धासाठी फौजेत भरती व्हायला सांगत होते. लोकांनी त्यांना फारशी दाद दिली नाही.