रंग हाच दर्शक : शालेय प्रयोगशाळेतील ऑक्सिडीकरण-क्षपण अनुमापन

रायपूर शहरातील शंकर नगर भागात छत्तीसगडची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आहे. शालेय पाठ्यपुस्तके तयार करणे आणि शिक्षकांना प्रशिक्षण देणे ही तिची प्रमुख कामे होत. याच राज्यात बैलाडिला आणि दल्ली राजहरा येथे लोहखनिजाच्या खाणी आहेत, तसेच भिलाईचा पोलाद कारखानाही आहे. तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. बारावीच्या प्रयोगशाळेत लोहाच्या क्षारावर होणारे अनुमापन आणि खनिजातील लोहाची परीक्षा यांचे मूलतत्त्व एकच आहे.

हिंदी पुस्तकांत ज्यास ‘उपचयन’ आणि ‘अपचयन’ म्हणतात, त्यास मराठीत अनुक्रमे ‘ऑक्सिडीकरण’ आणि ‘क्षपण’ असे शब्द आहेत. इलेक्ट्रॉन गमावणे म्हणजे ऑक्सिडीकरण, तर ते स्वीकारणे म्हणजे क्षपण. दोन्ही क्रिया एकाच वेळी घडतात. ज्ञात संहतीच्या द्रावणाचे किती आकारमान खर्च झाले, यावरून दुसऱ्या द्रावणाची संहती काढणे म्हणजे अनुमापन. लोहाच्या मापनासाठी पोटॅशियम परमँगनेटचा असा उपयोग फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्गेरित यांनी १८४६ मध्ये केला.

एकास पाच

एनसीईआरटीच्या प्रयोगपुस्तिकेत बारावीसाठी परमँगनेटची दोन अनुमापने आहेत. एक ऑक्झॅलिक आम्लाशी, तर दुसरे फेरस अमोनियम सल्फेटशी, म्हणजेच मोहर क्षाराशी. साधे फेरस सल्फेट हवेत सहज ऑक्सिडीकृत होते. मोहर क्षार अधिक स्थिर असल्याने त्याची निवड केली जाते.

परमँगनेटचा एक आयन पाच इलेक्ट्रॉन स्वीकारतो आणि फेरसचा एक आयन एकच इलेक्ट्रॉन देतो. म्हणून त्यांचे प्रमाण एकास पाच असे पडते. ४.९ ग्रॅम मोहर क्षारापासून २५० मि.लि. द्रावण केल्यास त्याची संहती ०.०५ मोलर होते. अशा १० मि.लि. द्रावणास परमँगनेटचे १० मि.लि. द्रावण लागले, तर परमँगनेटची संहती ०.०१ मोलर ठरते.

येथे वेगळ्या दर्शकाची गरज नसते. परमँगनेट जांभळे असते, तर त्यापासून बनणारा मँगनीज आयन विरल द्रावणात जवळजवळ रंगहीन असतो. चंबूतील सर्व फेरस संपल्यावर पडणारा पुढचा थेंब द्रावणास फिकट गुलाबी छटा देतो. ती टिकून राहिली की अंत्यबिंदू आला असे समजावे.

चुका कोठे होतात

माध्यम आम्लधर्मी ठेवण्यासाठी विरल सल्फ्युरिक आम्लच वापरतात. हायड्रोक्लोरिक आम्लातील क्लोराइडचे परमँगनेटमुळे क्लोरीन होते व परमँगनेट अधिक खर्च होते. नायट्रिक आम्ल स्वतःच ऑक्सिडीकारक असल्याने परमँगनेट कमी लागते. आम्ल अपुरे पडल्यास मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी गढूळपणा दिसू लागतो.

ऑक्झॅलिक आम्लाचे द्रावण ५० ते ६० अंश सेल्सियसपर्यंत तापवावे लागते. थंड द्रावणात अभिक्रिया मंद असते. सुरुवातीच्या थेंबांचा रंग सावकाश जातो. पुढे तयार होणारे मँगनीज आयनच उत्प्रेरकाचे काम करतात आणि वेग वाढतो. मोहर क्षाराचे द्रावण मात्र तापवू नये, कारण उष्णतेने फेरसचे हवेत ऑक्सिडीकरण होते.

द्रावण गडद असल्याने ब्यूरेटमधील पातळीचा खालचा वक्र दिसत नाही. त्यामुळे वरच्या कडेचे वाचन घेतात.

एका थेंबाचे मोल

ब्यूरेटमधून पडणारा एक थेंब साधारण ०.०५ मि.लि.चा असतो. १० मि.लि. वाचनात तेवढा थेंब अधिक पडला, तर उत्तरात अर्ध्या टक्क्याची चूक येते. म्हणूनच एकमेकांशी जुळणारी तीन वाचने घेण्याचा दंडक आहे. पहिल्या वाचनावर बेतून उरलेली दोन लिहून काढल्यास चूक लपते, पण दूर होत नाही.

खनिजाच्या परीक्षेत हीच चूक महाग पडते. तेथे खनिज हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून सर्व लोह फेरस अवस्थेत आणले जाते. क्लोराइडचा अडथळा येऊ नये म्हणून परमँगनेटऐवजी पोटॅशियम डायक्रोमेटने अनुमापन करण्याची पद्धत रूढ आहे. खनिजात ६४ टक्के लोह असेल, तर अर्ध्या टक्क्याच्या चुकीने निष्कर्षात ०.३२ टक्क्याचा फरक पडतो. हजारो टनांच्या व्यवहारात खनिजाची प्रत आणि किंमत लोहाच्या टक्केवारीवर ठरते. त्यामुळे शाळेत लागलेली थेंब मोजण्याची सवय पुढेही उपयोगी पडते.