जुन्या सायकली आणि त्यांचे धनी

कार्यक्रमपत्रिकेवर आमचा विषय वाचून एका स्नेह्याने आम्हांस वाटेतच गाठले. ‘कामगारांचे प्रश्न संपले वाटते? आता सायकलींवर बोलणार म्हणे!’ प्रश्न संपलेले नाहीत. परंतु कष्टकऱ्यांच्या इतिहासाची जी साधने आज मोडीच्या भावाने विकली जात आहेत, त्यांत सायकल आहे, आणि आमच्या तीर्थपुरीच्या कित्येक गोठ्यांत ती कडब्याआड उभी आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत पुष्कळ झाले. तेव्हा कोणतीही वस्तू पाहिली की ती कोणाच्या हातांनी झिजली, हे आधी पाहण्याची आम्हांला खोड आहे.

मूळ कथा थोडक्यात अशी. जर्मनीतील मानहाइम येथे 1817 साली कार्ल फॉन ड्राइस याने दोन चाकांचे लाकडी वाहन चालविले. त्याला पायडल नव्हते. पायांनी जमीन रेटावी लागे. जवळजवळ सारखी दोन चाके आणि मागच्या चाकाला साखळी, ही आजची घडण कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्लीने 1885 मध्ये रूढ केली. 1888 मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला. आरंभी ही श्रीमंतांची हौस होती. किंमत उतरली तशी ती मजुरांच्या हाती आली. इंग्लंडात 1894 साली समाजवादी तरुणांनी ‘क्लॅरियन’ सायकल क्लब काढला. जर्मनीत 1896 मध्ये कामगार सायकलस्वारांची ‘सॉलिडारिटेट’ ही संघटना उभी राहिली. सुट्टीच्या दिवशी सहलीस निघावयाचे आणि वाटेत पत्रके वाटावयाची, असा त्यांचा क्रम. हिटलर सत्तेवर येताच 1933 मध्ये ती संघटना मोडण्यात आली. कामगार आपल्या मर्जीने दहा कोस जाऊ लागला की कोणाला तरी धास्ती वाटतेच!

आपल्याकडे प्रथम विलायती माल येई. मुंबईत 1939 मध्ये हिंद सायकल्स ही कंपनी निघाली. स्वातंत्र्यानंतर आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला टी. आय., 1951 मध्ये सोनिपतला अ‍ॅटलस, 1956 मध्ये लुधियान्यास हीरो, असे कारखाने उभे राहिले. मराठवाडा 1948 पर्यंत निजामी राज्यात. त्यामुळे सायकल ही आमच्या भागात दीर्घकाळ मानाचीच वस्तू राहिली. सायकल आणि घड्याळावरून मांडवात रुसलेले जावई आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहेत.

आता जुन्या सायकली सोडवून, घासून, पुन्हा उभ्या करण्याचा छंद शहरांतून पसरला आहे. एके काळी सायकलींचे शहर म्हणून गाजलेल्या पुण्यात, कर्वेनगरला, विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय 2017 पासून आहे. मधोमध दोन पंखी नटांवर दुमडणारी, महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनविलेली बी. एस. ए. तेथे पाहावयास मिळते. या छंदाला विद्या लागते, हे आम्ही मोकळेपणी कबूल करतो. चेनव्हीलमध्ये बगळ्याच्या माना दिसल्या की ती रॅले. स्टर्मी-आर्चरच्या तीन गिअरच्या हबवर बहुधा सालाचे आकडे ठोकलेले असतात. रॅलेचे आटे इंचाला 26, इतरांचे बहुधा 24. हे न जाणणारा बळजबरीने कप पिळतो आणि सांगाडा कायमचा बिघडवतो. विलायती पद्धतीच्या पुढच्या चाकाला 32 तारा आणि मागच्याला 40, कारण भार मागे. ही 32 आणि 40 ची रीत ज्या कोणी ठरविली, त्याला ओझे म्हणजे काय हे ठाऊक असले पाहिजे. जाम झालेला नट आधी रॉकेलमध्ये रात्रभर भिजवावा, मग पान्हा लावावा, हे मात्र आमच्या गावच्या मिस्त्रीने कोणत्याही ग्रंथाशिवाय आम्हांस शिकविले.

दुसरा छंद आपल्या मनाजोगती सायकल घडविण्याचा. हँडल बदलावे, गिअर बसवावे, रंग हवा तो द्यावा. पण हे नवे आहे, असे कोणी समजू नये. दूधवाल्याने किटल्यांसाठी कॅरिअरला लोखंडी कड्या जोडल्या, कामगाराने चिमट्याला आधाराचा पाइप लावला, बापाने दांडीवर पोरासाठी फळी ठोकली. यांनीच पहिल्याने सायकल आपल्या बेताची करून घेतली. फरक इतकाच की त्यांनी ते गरजेपोटी केले, म्हणून त्याला कोणी छंद म्हटले नाही.

येथे आम्हांला आमचीच एक चूक सांगितली पाहिजे. आमचे वडील पाटकरी होते, रोजंदारीवर. कालव्याच्या भरावावरून चोवीस इंची अ‍ॅटलस चालवीत ते पाळ्या सोडीत. दांडीखाली फावड्यासाठी दोन कड्या, दांडीवर आमच्यासाठी फळी, आणि मागच्या मडगार्डवर तांबड्या रंगात, हाताने लिहिलेली दोन शब्दांइतकीच मागणी: ‘कायम करा’. मोर्चाच्या आदल्या रात्री सगळ्यांच्याच सायकलींवर एका सहकाऱ्याने ती लिहिली होती. वडील गेल्यानंतर आम्ही ती सायकल शहरातल्या एका दुकानी नवी करावयास दिली. तीन आठवड्यांनी परत आली ती आरशासारखी! काळा रंग, सोनेरी रेघा, नवे क्रोम. कड्या कापलेल्या, छिद्रे भरलेली, फळी फेकलेली. मडगार्ड तर ‘गंजले होते’ म्हणून नवेच. दुकानदाराचा दोष नव्हता. ‘नवी करा’ असे आम्हीच सांगितले होते. काय ठेवावे, हे सांगितले नव्हते. पाहणारे वाहवा करीत, आणि आम्हांला मात्र ती दुसऱ्या कोणाची तरी सायकल वाटे. अजून वाटते.

मोर्चाच्या कागदांची फाईल आम्ही नीट जपली आहे. जे पत्र्यावर लिहिले होते, तेच गेले.

म्हणून छंदिष्टांशी आमचे भांडण आहे, पण छंदाशी नाही. बदल करा, परंतु काढलेला भाग गोणपाटात बांधून ठेवा. सांगाडा कापू नका. रंगाच्या खाली रंग असतो, तो घासण्यापूर्वी दिव्याच्या उजेडात पाहा. संग्रहालयातली दुमडणारी बी. एस. ए. सांभाळण्याजोगी आहे, तसेच पाटकऱ्याचे गंजके मडगार्डही. पुन्हा, ज्यांनी या सायकली बनविल्या त्यांनाही विसरू नये. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना 2020 च्या 3 जून रोजी बंद झाला, आणि शेकडो कामगार दाराबाहेर उभे राहिले. तो दिवस जागतिक सायकल दिन होता.

गेल्या हिवाळ्यात आम्हांला एका गोठ्यात दुसरी जुनी अ‍ॅटलस मिळाली. ती गावच्या मिस्त्रीकडे नेली. ‘रंग कोणता देऊ, साहेब?’ त्याने विचारले. आम्ही म्हटले, ‘रंग नको. छर्रे बदल, ग्रीस भर, चाकांचा आउट काढ. बाकी हात लावू नको.’ तो बुचकळ्यात पडला. ‘मग मजुरी कशाची घेऊ?’ आम्ही त्यास दिवसाची मजुरी ठरवून दिली. त्याने दिवसभर बसून काम केले. संध्याकाळी त्याने मागचे चाक उचलून पायडल फिरविले आणि कान लावून ऐकत राहिला.