वेळासचा कासव महोत्सव : कासवांची अंडी गावाने कशी राखली?

फेब्रुवारी-मार्च आला की वाळूवरून समुद्राकडे निघालेल्या इवल्याशा कासवांच्या रील्स फोनवर फिरू लागतात. त्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातल्या वेळासचं नाव हमखास असतं. आरमोरीहून पाहिलं तर हे गाव राज्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. पण तिथला प्रश्न जंगलाशेजारी राहणाऱ्या कुणालाही ओळखीचा वाटेल : प्राणी वाचवायचा, तर त्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसाचं काय?

सुरुवात कशी झाली?

चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेचे भाऊ काटदरे आणि सहकारी २००२ मध्ये किनाऱ्यावर समुद्री गरुडांचा अभ्यास करत होते. तेव्हा वेळासला त्यांना कासवांच्या अंड्यांची टरफलं दिसली. ही अंडी होती ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात या कासवाला वाघाइतकंच, म्हणजे पहिल्या अनुसूचीतलं संरक्षण आहे. तरीही माणसं अंडी खाण्यासाठी आणि विकण्यासाठी उकरून नेत होती. उरलेली कुत्री आणि कोल्हे फस्त करत. संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन राखण सुरू केली.

अंडी राखतात म्हणजे नेमकं काय करतात?

मादी रात्री किनाऱ्यावर येते, साधारण दीड फूट खोल खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वाळूने खड्डा बुजवते आणि समुद्रात परत जाते. पिल्लांची वाट पाहायला ती थांबत नाही. पहाटे गस्त घालणारे कासवमित्र वाळूतल्या तिच्या पायांच्या खुणांवरून घरटं शोधतात. अंडी अलगद काढून भरतीच्या रेषेपासून दूर, कुंपण घातलेल्या जागेत तितक्याच खोल खड्ड्यात ठेवतात. जवळ तारखेची पाटी लावतात.

साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक होतात, थंड राहिली तर नर अधिक. पिल्लांना थेट पाण्यात सोडत नाहीत. किनाऱ्यावर ठेवून शेवटचं अंतर त्यांचं त्यांना चालू देतात.

मग महोत्सव कशासाठी?

राखण फुकट होत नाही. पहाटेची गस्त महिनोन् महिने चालते आणि ती करणाऱ्यालाही घर असतं. २००६ मध्ये कासव महोत्सव सुरू झाला. पर्यटक गावकऱ्यांच्या घरीच राहू-जेवू लागले. अंडं विकून एकदाच पैसे मिळतात. पिल्लू पाहायला येणारा पाहुणा मात्र दर हंगामात येतो. पुढे कोकणातल्या इतर गावांतही अशी राखण उभी राहिली. वन विभागही या कामात आहे.

फायदा फक्त एका गावाचा आहे का?

नाही. २०२२ च्या जानेवारीत वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवला गेला. तिचं नाव ठेवलं 'प्रथमा'. शिवाय २०२१ मध्ये ओडिशात खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. म्हणजे पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवं एकमेकांपासून अगदीच तुटलेली नाहीत.

गडचिरोलीशी याचा काय संबंध?

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे गावाला जंगलावर कायदेशीर हक्क आहे, वेळासला पर्यटनातून उत्पन्न. वाटा वेगळ्या, पण हिशेब एकच : ज्याचं पोट निसर्गावर आहे, त्याला त्यात वाटा मिळाला तर तो राखणदार होतो.

जाणार असाल तर

पिल्लं रोज निघतीलच असं नाही, म्हणून निघण्याआधी गावात फोन करून चौकशी करा. साधारणपणे पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतात. दोरीच्या आत जाऊ नका, पिल्लांना हात लावू नका, फ्लॅश बंद ठेवा. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, त्यामुळे मोबाइलचा दिवाही त्यांना समुद्राऐवजी भलतीकडे नेऊ शकतो. गर्दी वाढली की हे नियम सांभाळणं कासवमित्रांना जड जातं. एखादी रील कमी निघाली तरी चालेल.