कागदाच्या तुकड्यावर पाण्याची परीक्षा

२०१८ साली बंगळुरूचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोलार जिल्ह्यातील कोरड्या तलावांत सोडण्यास प्रारंभ झाला. दुष्काळी गावांना पाणी मिळाले. परंतु त्या पाण्यात जड धातू असल्याची तक्रार लवकरच कर्नाटक उच्च न्यायालयात पोहोचली. पाण्यातले शिसे डोळ्यांना दिसत नाही की जिभेला कळत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक शिसे नसावे. एवढे सूक्ष्म प्रमाण मोजणारी यंत्रे महाग, आणि तीही मोठ्या प्रयोगशाळांत. त्यामुळे तलावाकाठच्या माणसाला दुसऱ्याने काढलेल्या आकड्यावरच विसंबावे लागते. कागदी विद्युत-रासायनिक संवेदक हा ही स्थिती बदलण्याचा एक प्रयत्न आहे. त्याच्या इतिहासात दोन प्रवाह एकत्र आले.

पहिला प्रवाह कागदाचा. गाळणकागद द्रव आपोआप शोषून पुढे नेतो. त्याला पंप लागत नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत के. व्ही. गिरी यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी याच गुणाचा उपयोग करून वर्तुळाकार कागदी वर्णलेखनाची पद्धत विकसित केली. कागदाच्या मध्यातून द्रावक बाहेर पसरे आणि मिश्रणातील अमिनो आम्ले वेगवेगळ्या कमानींत विभागली जात. थोडक्या साधनांत चोख विश्लेषण करता येते, हे या शहराने तेव्हाच पाहिले होते.

दुसरा प्रवाह विजेचा. १९२२ मध्ये प्राग येथे यारोस्लाव हेरोव्हस्की यांनी पाऱ्याच्या थेंबाचा विद्युतअग्र वापरून द्रावणातील पदार्थ ओळखण्याची पद्धत शोधली. १९५९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे तिच्यात एक मोलाची भर पडली. अग्रावर ऋण विभव ठेवला की पाण्यातील धातूचे आयन त्यावर साचतात. मग विभव हळूहळू धनाकडे नेला की प्रत्येक धातू आपापल्या ठरावीक विभवाला सुटून पुन्हा पाण्यात उतरतो. त्या वेळी वाहणाऱ्या प्रवाहावरून त्याचे प्रमाण कळते. आधी साचवून मग मोजल्यामुळे अत्यल्प धातूही सापडतो. २००० साली जोसेफ वांग आणि सहकाऱ्यांनी विषारी पाऱ्याऐवजी बिस्मथचा पातळ थर वापरून दाखवला.

२००७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने कागदावर जलरोधक रेषा आखून द्रवासाठी सूक्ष्म वाटा तयार केल्या. २०१० मध्ये त्याच गटाने कागदी साधनावर कार्बनच्या शाईने विद्युतअग्र छापून पाण्यातील शिसे मोजले. दोन्ही प्रवाह येथे मिळाले. रंगपट्टीवरील छटा डोळ्यांनी ताडावी लागते. येथे हातात मावणारे उपकरण थेट आकडा देते.

तरीही तलावाचे पाणी म्हणजे प्रयोगशाळेतील शुद्ध द्रावण नव्हे. सेंद्रिय पदार्थ धातूला बांधून ठेवतात, साबणाचे अंश अग्रावर थर धरतात, तांबे शिशाच्या संकेतात ढवळाढवळ करते. म्हणून नमुना आम्लयुक्त करणे, ज्ञात द्रावणाशी पडताळणे आणि शंकास्पद निष्कर्ष मोठ्या यंत्रावर पुन्हा तपासणे अपरिहार्य ठरते. कागद प्रयोगशाळेची जागा घेणार नाही. मात्र कोणत्या तलावाचा नमुना आधी तिकडे धाडायचा, हे गावाला स्वतः ठरवता येईल.

#विज्ञानाचाइतिहास #पाणी #बंगळुरू